सन रा यांची सॅटर्न रेकॉर्ड पहिल्यांदा घेताना

सन रा या अमेरिकन जॅझ संगीतकारांची पहिली रेकॉर्ड मी घेतली तेव्हा नाव शोधायचं, किंमत बघायची आणि पैसे भरायचे एवढंच काम आहे असं मला वाटत होतं. नाट्यसंगीताच्या आणि जुन्या हिंदी चित्रपटांच्या एलपी मी वर्षानुवर्षं तशाच घेत आले होते. सन रांच्या रेकॉर्डींना ही रीत लागू पडत नाही. एकाच रेकॉर्डला दोन नावं असतात. कव्हरवर कित्येकदा काही छापलेलंच नसतं. हाताने रंगवलेल्या कव्हरच्या दोन प्रती एकमेकींसारख्या दिसत नाहीत. त्या पहिल्या खरेदीत माझे ३१,००० रुपये गेले आणि हातात आली ती कुणीतरी अलीकडे मार्करने रंगवलेल्या कव्हरमधली भलतीच तबकडी. विक्रेत्याने पुढे उत्तर दिलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून मी शिकलेलं सगळं इथे क्रमाने लिहिते.

आधी थोडं त्यांच्याविषयी, कारण हा गोंधळ कुठून आला हे कळलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

त्यांचं जन्मनाव हर्मन पूल ब्लाउंट. २२ मे १९१४ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात त्यांचा जन्म झाला. ते स्वतः मात्र आपण शनी ग्रहावरचे आहोत असं सांगत, आणि ते सांगणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. आपल्याकडे शनीचं नाव निघालं की घरात साडेसातीची चर्चा सुरू होते. त्यांच्यासाठी शनी हे घर होतं. १९५२ मध्ये शिकागोत त्यांनी कायद्याने नाव बदलून 'ल सोनिर रा' असं घेतलं. ऑर्केस्ट्राचं स्पेलिंग बदलून आपल्या वादकांच्या ताफ्याला त्यांनी 'आर्केस्ट्रा' म्हटलं. त्यांना चमकते झगे घातले, आणि १९५६ च्या सुमारास, जेव्हा जॅझवाले इलेक्ट्रिक पियानोकडे फारसे वळलेही नव्हते, तेव्हा तो वाजवून ध्वनिमुद्रित केला. पुढे मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य अगदी सुरुवातीला हाताळणाऱ्यांतही ते होते.

मोठ्या कंपन्या अशा संगीताला जागा देणार नाहीत हे ओळखून त्यांनी आणि त्यांचे साथीदार ॲल्टन अब्राहम यांनी १९५० च्या दशकातच स्वतःची कंपनी काढली, एल सॅटर्न. अमेरिकेत कृष्णवर्णीय संगीतकाराने रेकॉर्डचा धंदा स्वतःच्या हातात ठेवण्याचं ते फार आधीचं उदाहरण आहे, आणि मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. पैसे जमतील तशा रेकॉर्डी छापल्या जात. काहींच्या तर जेमतेम ७५ प्रती निघाल्या असं मानलं जातं. कोरी कव्हरं आणायची, वादकांनीच बसून ती मार्करने रंगवायची, फोटो चिकटवायचे, लेबलावर पेनाने नाव लिहायचं आणि मैफिलीच्या ठिकाणी विकायचं. आज आपण 'मर्यादित आवृत्ती' म्हणतो ती इथे हातात तेवढेच पैसे असल्यामुळे झाली. यादी नीट ठेवायला कुणी बसलेलं नव्हतं, आणि पुढचा सारा गुंता त्यातून आला.

पायरी १ : आधी ऐका

हे संगीत सगळ्यांना सगळं आवडेल असं नाही. सन रांनी १९५० च्या दशकापासून १९९३ मध्ये निधन होईपर्यंत शंभराहून अधिक रेकॉर्डी काढल्या, आणि त्यांत गोड चालींच्या बँडपासून निव्वळ आवाजांच्या वादळापर्यंत सगळं आहे. बँडकँप या संगीताच्या संकेतस्थळावर त्यांच्या बऱ्याच रेकॉर्डी पूर्ण ऐकायला मिळतात. मी नव्या माणसाला या क्रमाने ऐकायला सांगते.

सुरुवात 'जॅझ इन सिल्हूट'ने करा. ही १९५९ ची. जॅझ अजिबात माहीत नसलं तरी कान रमतो. त्यानंतर १९७८ ची 'लँक्विडिटी'. तिचा ठेका संथ आहे, रात्री दिवे मालवून ऐकावी अशी. मग 'स्लीपिंग ब्यूटी', १९७९ ची. ही तिन्ही पचली की 'कॉस्मिक टोन्स फॉर मेंटल थेरपी'कडे या. आणि सर्वांत शेवटी 'स्ट्रेंज स्ट्रिंग्ज'. तिच्यासाठी सन रांनी वादकांच्या हातात अशी तंतुवाद्यं दिली जी त्यांना वाजवता येत नव्हती, आणि वाजवा म्हणाले. आपल्याकडे गुरू शिष्याला वर्षभर षड्ज लावायला बसवतात. इथे मुरलेल्या वादकांना मुद्दाम पुन्हा पहिल्या दिवशीचे विद्यार्थी केलं होतं. मला ती रेकॉर्ड समजायला दोन वर्षं लागली.

इथला धोका असा की आवाजातलं वैशिष्ट्य आणि रेकॉर्डमधला बिघाड यांत नवखा माणूस फसतो. 'कॉस्मिक टोन्स'चं ध्वनिमुद्रण १९६३ चं, ती निघाली १९६७ मध्ये. तिच्यातला तो विहिरीतून आल्यासारखा प्रतिध्वनी ड्रमवादक टॉमी हंटर यांनी केला. टेपरेकॉर्डरचा हेडफोनकडे जाणारा आवाज त्यांनी परत त्याच यंत्राच्या आत सोडला, आणि आवाज स्वतःवरच फिरू लागला. डिजिटल फाइल आधी कान देऊन ऐकली असेल तरच पुढे तुमच्या प्रतीत कुठली खरखर मुळातली आणि कुठली चऱ्यांची, हे तुम्हाला सांगता येईल. हे मी गंमत म्हणून सुचवत नाही. पैसे परत मागायची वेळ आली तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

पायरी २ : कुठली प्रत हवी ते ठरवा

'मला सॅटर्न हवी' एवढं म्हणून भागत नाही. ढोबळमानाने चार प्रकार बाजारात दिसतात.

पहिला, आजच्या पुनर्आवृत्त्या. स्ट्रट, मॉडर्न हार्मोनिक, कॉस्मिक मिथ, आर्ट यार्ड ही नावं दिसली तर ती अधिकृत आणि काळजीपूर्वक काढलेली समजा. स्ट्रटने 'लँक्विडिटी' २०२१ मध्ये चार एलपींच्या पेटीत काढली, तिच्यात वेगळं मिश्रण केलेली आवृत्तीही आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये 'रेकॉर्ड स्टोअर डे' या रेकॉर्डच्या दुकानांच्या दिवसानिमित्त सन रांची एखाददुसरी रेकॉर्ड मर्यादित प्रतींत, कधी रंगीत व्हिनाइलवर येते.

दुसरा, १९७० च्या दशकातल्या इम्पल्स कंपनीच्या प्रती. त्या कंपनीने सॅटर्नच्या जुन्या रेकॉर्डी पुन्हा काढल्या, पण विक्री जमली नाही आणि उरलेला माल पडत्या भावात गेला. म्हणून यांतल्या अनेकांच्या कव्हरचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं असतं. ते नुकसान नव्हे, पडत्या भावात काढलेल्या मालाची खूण आहे. किंमत कमी करून घ्यायला मात्र हे कारण चांगलं.

तिसरा, सॅटर्ननेच नंतर केलेली छपाई. तेच संगीत, पण वेगळं लेबल, वेगळं कव्हर, कधी वेगळं नाव.

चौथा, पहिली छपाई. हिची किंमत हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकते.

माझं स्पष्ट मत आहे की पहिली खरेदी पहिल्या प्रकारातली असावी. संगीत तेच आहे, बऱ्याचदा आवाज जुन्या प्रतीपेक्षा स्वच्छ आहे, आणि फसवणुकीची शक्यता नगण्य. हाताने रंगवलेली सॅटर्न घ्यायचा मोह मला कळतो, कारण माझ्याकडे आता एक आहे आणि ती हातात घेताना अजून अंगावर काटा येतो. कुणा वादकाने ताफ्याच्या फिलाडेल्फियातल्या घरात बसून त्या कागदावर निळी वर्तुळं काढली होती. पण तिथे पोचायला पुढच्या पायऱ्या अंगवळणी पडायला हव्यात.

रेकॉर्ड स्टोअर डेच्या आवृत्तीबद्दल एक सूचना. निघाल्यानंतर पहिल्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट भाव लावून विकणारे खूप दिसतात. थांबा. दोन-तीन महिन्यांनी बऱ्याचदा तीच प्रत रास्त किमतीत मिळते.

मुंबईत माहीमच्या द रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या दुकानात नवीन व्हिनाइल मिळतं. हवी ती पुनर्आवृत्ती मागवून देता येईल का हे आधी विचारा, म्हणजे कस्टमचा व्याप वाचतो. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर लता-रफी, मराठी भावगीतं, एखादा लुई आर्मस्ट्राँगही हाती लागेल. सन रांसाठी तिथे उन्हात फिरू नका.

पायरी ३ : रेकॉर्डची ओळख पटवा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि मी हीच गाळली होती.

*नाव.* कव्हरवरचं नाव हा सर्वांत कच्चा पुरावा. 'द न्यूबियन्स ऑफ प्लुटोनिया' ही रेकॉर्ड आधी 'द लेडी विथ द गोल्डन स्टॉकिंग्ज' या नावाने निघाली होती. ट्रान्झिशन कंपनीने १९५७ मध्ये काढलेली 'जॅझ बाय सन रा' पुढे डेलमार्क कंपनीकडून 'सन साँग' म्हणून आली. तुम्ही दोन वेगळ्या रेकॉर्डी समजून एकच संगीत दोनदा विकत घेऊ शकता. उलटंही होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात हाताशी असलेल्या तबकड्या संपवायला एका रेकॉर्डची एक बाजू दुसऱ्या रेकॉर्डच्या बाजूशी जोडून विकली गेली आहे. म्हणून दोन्ही बाजूंची गाणी स्वतंत्रपणे पडताळा.

*लेबल.* त्यावरचा पत्ता बघा. ताफा १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला गेला. तेव्हा लेबलावर फिलाडेल्फियाचा पत्ता असेल तर ती छपाई त्याआधीची असूच शकत नाही, विक्रेता काहीही म्हणो. याच्या उलट मात्र खरं नाही. अब्राहम शिकागोतच राहिले होते, त्यामुळे शिकागोचा पत्ता आहे म्हणजे छपाई जुनी आहे असं सिद्ध होत नाही.

*कोरी पट्टी.* शेवटच्या गाण्याची खाच संपते तिथपासून लेबलापर्यंत जो गुळगुळीत भाग असतो, त्यावर काही अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की दिसतात. कव्हर बदलता येतं, लेबलावर लिहिता येतं, पण हा क्रमांक साच्यातूनच उतरतो. तो डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या ऑनलाइन सूचीतल्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. डिस्कॉग्जवर एकाच रेकॉर्डच्या प्रत्येक छपाईची वेगळी नोंद असते, तेव्हा वरवर सारखी दिसणारी शेजारची नोंद उघडून बसू नका. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी रॉबर्ट कॅम्पबेल आणि ख्रिस्तोफर ट्रेंट यांची सन रांच्या ध्वनिमुद्रणांची भलीमोठी सूची मिळवावी; कुठली मैफल कधी, कुठे, कोण वाजवत होतं, हे तिच्यात तारीखवार आहे.

*कव्हर.* हाताने रंगवलेलं आहे म्हणजे जुनं आहे असं गृहीत धरू नका. कोरं पांढरं कव्हर आजही विकत मिळतं आणि मार्करही. माझ्या पहिल्या खरेदीत नेमकं हेच घडलं. शाई ताजी होती, कागदाच्या कडा पांढऱ्या होत्या, आणि मी फोटोत फक्त चित्र बघत राहिले. पन्नास वर्षांच्या कव्हरवर आतल्या तबकडीचा गोल वळ उमटलेला असतो. तो रंगावरूनही दिसतो, कारण रंग आधीचा असतो. कडा मऊ पडलेल्या असतात. रंग गडद आणि कागद पिवळा अशी विसंगती दिसली तर थांबा.

खऱ्या गोष्टी कशा दिसतात याची नजर तयार करायची असेल तर शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात ॲल्टन अब्राहम यांचा संग्रह जतन केला आहे. हस्तलिखितं, पत्रकं, कव्हरांची मूळ चित्रं असं बरंच त्यात आहे. शिकागोत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तो आवर्जून बघावा.

पायरी ४ : दर्जाची अक्षरं वाचायला शिका

जुन्या रेकॉर्डी विकताना दर्जा ठरावीक संज्ञांत लिहितात. वरपासून खाली मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, जी प्लस, जी. शब्दांवर जाऊ नका. जी म्हणजे 'गुड' असला तरी अशी रेकॉर्ड सतत खरखरते. व्हीजी प्लस ही रोज ऐकायला बरी पातळी. तबकडीचा दर्जा आणि कव्हरचा दर्जा वेगळा लिहिलेला असतो, दोन्ही वाचा.

सॅटर्नच्या बाबतीत एक सूट द्यावी लागते. या तबकड्या थोड्या पैशांत, थोड्या संख्येने निघाल्या, त्यामुळे चकचकीत दिसणारी प्रतही पार्श्वभूमीला कुरकुरते. म्हणून दर्जा डोळ्यांनी बघून दिला की वाजवून, हे विचारलंच पाहिजे.

पायरी ५ : विक्रेत्याला हे मागा

मला संकोच वाटायचा. आता वाटत नाही. चांगला विक्रेता या प्रश्नांनी खूश होतो, आणि टाळाटाळ करणारा तिथेच कळतो.

- दोन्ही बाजूंच्या कोऱ्या पट्टीचे जवळून काढलेले फोटो
- दोन्ही लेबलांचे फोटो
- कव्हरच्या चारही कडा, कणा आणि आतली बाजू
- तिरक्या उजेडात तबकडीचा फोटो, म्हणजे चरे दिसतात
- दोन्ही बाजूंची पहिली दोन मिनिटं वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण
- ही प्रत त्यांच्याकडे कुठून आली ते. 'अमुक वर्षी अमुक मैफिलीत घेतली' असं लेखी उत्तर जपून ठेवा

आणखी एक विनंती न विसरता करा. तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, वेगळ्या साध्या पाकिटात घालून, कव्हरच्या मागे ठेवून पाठवा. तबकडी आत ठेवून पाठवली तर प्रवासातल्या धक्क्यांनी ती कव्हरची कड आतून फाडते. छापील कव्हर फाटलं तर दुसरं मिळतं. हाताने रंगवलेलं जगात एकच असतं.

पायरी ६ : पैसे, पार्सल आणि कस्टम

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- आधार किंवा पासपोर्टची प्रत (कुरिअर कंपनी केवायसीसाठी मागते)
- पॅन
- विक्रेत्याचं बिल, त्यावर वस्तूचं वर्णन, खरी किंमत आणि 'वैयक्तिक वापरासाठी' असा उल्लेख
- पैसे भरल्याची पावती
- विक्रेत्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार आणि फोटो

पार्सलवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. घरच्या हाकेच्या नावाने मागवलेलं पार्सल केवायसीत अडकतं.

आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो. बँकेच्या ॲपमधून तो सुरू करा, मर्यादा घाला आणि खरेदी झाल्यावर पुन्हा बंद करा. बँक परकीय चलनाचं शुल्क लावते, साधारण २ ते ३.५ टक्के. ओळख नसलेल्या विक्रेत्याला थेट बँकेत पैसे पाठवू नका. पेपॅलने पैसे देताना 'मित्र किंवा नातेवाईक' हा पर्याय निवडा असं कुणी सुचवलं तर तो व्यवहार सोडून द्या, त्यात खरेदीदाराला संरक्षण नाही. 

कस्टम शुल्क फक्त रेकॉर्डच्या किमतीवर नसतं. किंमत, वाहतूक खर्च आणि विमा यांच्या बेरजेवर ते धरतात आणि वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो. त्यामुळे ४० डॉलरची रेकॉर्ड आणि ३५ डॉलरचं टपाल असेल तर हिशेब ७५ डॉलरवर करा. दर बदलत असतात, मागवण्याच्या आठवड्यात कस्टमच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. एका विक्रेत्याकडून दोन-तीन रेकॉर्डी एकत्र मागवल्या की टपालाचा बोजा विभागला जातो.

तीन गोष्टींपासून दूर राहा. एक, 'गिफ्ट लिहून पाठवा' असं सांगणं. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची जुनी सवलत बंद झाली आहे, आणि विकत घेतलेली वस्तू भेट म्हणून दाखवणं खोटंच आहे. दोन, किंमत कमी लिहून घेणं. पार्सल हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळतो, आणि कस्टमला शंका आली तर माल अडकतो. तीन, 'तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलं आहे, या लिंकवर पैसे भरा' असे एसएमएस. पार्सल खरोखर येत असताना असा निरोप आला की माणूस पटकन भरतो. विक्रेत्याने दिलेला क्रमांक स्वतः टपाल खात्याच्या किंवा कुरिअरच्या संकेतस्थळावर टाकून बघा, लिंक उघडू नका. टपालाने आलेल्या पार्सलचं शुल्क साधारणपणे पोस्टमन पार्सल देताना घेतात आणि पावती देतात.

अमेरिकेत कुणी जवळचं असेल तर वेगळा मार्ग आहे. माझा भाचा न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. तिथल्या टपाल खात्याचा 'मीडिया मेल' नावाचा स्वस्त दर पुस्तकांना आणि रेकॉर्डींना लागू होतो, पण फक्त देशांतर्गत. विक्रेता त्या दराने त्याच्याकडे पाठवतो, तो उघडून फोटो काढतो, पट्टीवरचा क्रमांक वाचून दाखवतो आणि दिवाळीला येताना हातातल्या बॅगेत आणतो. चेक-इन बॅगेत रेकॉर्ड देऊ नका. आणि विमानतळावरचे नियम त्यालाही लागू असतात, हे आणणाऱ्याला आधी सांगा. त्याला अडचणीत टाकून आणलेली रेकॉर्ड सुखाने ऐकता येत नाही.

पायरी ७ : पार्सल उघडताना

उघडण्याआधी मोबाईलवर चित्रण सुरू करा आणि तबकडी बाहेर येईपर्यंत थांबवू नका. उन्हात तापलेल्या गाडीतून आलं असेल तर तासभर खोलीत पडू द्या. तबकडी काठ आणि लेबल यांनाच धरून उचला. तक्रार असेल तर विक्री व्यासपीठाच्या मुदतीत, लेखी करा.

पायरी ८ : धुणं

कोरड्या फडक्याने पुसू नका, धूळ खाचेत दाबली जाते. वैद्यकीय दुकानात किंवा बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत वाळून बसतात. मऊ, दाट तंतूंचा रेकॉर्डसाठीचा ब्रश गोलाकार फिरवा, खाचांच्या दिशेने. लेबलावर थेंब जाऊ देऊ नका. सॅटर्नच्या लेबलावर पेनाने लिहिलेलं असेल तर पाण्याच्या एका थेंबाने ते अक्षर आणि त्याबरोबर रेकॉर्डची निम्मी ओळख पुसली जाईल. लेबल झाकणारी रबरी चकती मिळते, ती घ्या.

तेलकट डाग असतील तर काही जण पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. व्हिनाइलला ते पातळ प्रमाणात चालतं. पण हीच बाटली आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्डींवर चुकूनही वापरू नका. बालगंधर्वांच्या, सवाई गंधर्वांच्या त्या जुन्या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आपल्या घरांत दोन्ही प्रकार एकाच कपाटात असतात, म्हणून हे ठळक लिहिलं.

रंगवलेलं कव्हर ओल्या कशानेही साफ करू नका. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटका, तेवढंच.

पायरी ९ : वाजवणं

बॅगेसारखे दिसणारे स्वस्त प्लेअर यासाठी नकोत. त्यांची सुई ५ ग्रॅमच्या आसपास भार देते, तर चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) १.५ ते २ ग्रॅम पुरतो. तुमच्या कार्ट्रिजचा नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. छोटा डिजिटल वजनकाटा घेऊन तो लावा.

सॅटर्नच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी मोनो आहेत. ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच कमी होते.

परदेशातून कुणी जुना टर्नटेबल आणून देत असेल तर थांबा. जुन्या अमेरिकन यंत्रांपैकी अनेकांच्या मोटरीचा वेग विजेच्या ६० हर्ट्झवर बेतलेला असतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, वेग जुळत नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी २७.८ होतात, आणि काळी एकमधलं गाणं काळी पाचला उतरतं. सन रांच्या संगीतात हे लक्षात यायलाच वेळ लागतो, कारण मूळ कसं आहे याची सवय नसते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी 'लँक्विडिटी' वर्षभर तशीच ऐकली. पायरी १ मध्ये डिजिटल फाइल आधी ऐका म्हणाले त्याचं हेही एक कारण.

पायरी १० : पावसाळा

कोकणात, मुंबईत, पुण्यातही जून ते सप्टेंबर हा कव्हरांचा शत्रू. व्हिनाइलला ओल सोसते, कागदाला नाही. भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात रेकॉर्डी ठेवू नका, मागच्या पत्र्याला दव सुटतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. रेकॉर्डी उभ्या ठेवा, फार घट्ट नको आणि कलंडलेल्याही नको. आतलं पाकीट कागदी असेल तर पॉलिथिलीनचं घाला, मूळ पाकीट फेकू नका, कव्हरच्या मागे वेगळं ठेवा. बाहेरचं आवरण पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. जाड, चकचकीत पीव्हीसीचं आवरण उन्हाळ्यात तबकडीवर धुरकट थर सोडतं, तो निघत नाही.

दोनशे-तीनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं यंत्र कपाटात ठेवा. काटा ६० टक्क्यांच्या वर राहू लागला की सिलिका जेलच्या पिशव्या बदला. निळं जेल ओल शोषून गुलाबी होतं, त्यात कोबाल्ट असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या कढईत वाळवू नका; केशरी रंगाचं मिळतं ते बरं. श्रावणात ऊन पडलेला एखादा दिवस धरून मी सगळ्या रेकॉर्डी बाहेर काढते, पंख्याखाली तासभर उघड्या ठेवते, कपाट कोरड्या फडक्याने पुसते, आणि ते निळ्या वर्तुळांचं कव्हर सर्वांत शेवटी, हात धुऊन कोरडे केल्यावर, परत आत ठेवते.